नात्याच्या रकान्यात मित्र

डर्ट बाइक, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची मोटरसायकल, घेऊन ट्रेलवर निघालेले एक साधा नियम पाळतात. वळण आलं की थांबायचं. मागचा रायडर दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. तो दिसला, त्याने हात केला, की मग आपण निघायचं आणि त्याने तिथे थांबून त्याच्या मागच्याची वाट पाहायची. रांगेत सगळ्यात शेवटी असतो त्याला स्वीप म्हणतात. कुणी मागे राहिलेलं नाही ना, एवढं बघणं त्याचं काम. मला डर्ट बाइकवर बसायला ज्याने शिकवलं, त्याने क्लच कसा सोडायचा हे सांगायच्याही आधी हा नियम सांगितला होता.

त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. मी पुढे, तो मागे. तिसऱ्या वळणावर मी थांबलो आणि इंजिन बंद केलं. झाडीआडून त्याच्या गाडीचा आवाज येत होता. दहा गाड्यांतून ती मी ओळखली असती. अचानक तो आवाज चिरकला, मागचं चाक जमिनीवरून सुटलं की इंजिन मोकळं फिरतं तसा, आणि थांबला. गाडी बंद पडली असेल, आता किक मारेल, असं वाटून मी वाट पाहिली. किती वेळ पाहिली ते नक्की सांगता येत नाही. अर्धं मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटाकडे मी पुढे कित्येक रात्री परत जात राहिलो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला लिहायचंय ते अपघाताबद्दल नाही. मदत आली, आम्ही रुग्णालयात पोचलो. दारातच पहिला प्रश्न आला, "तुम्ही कोण यांचे?" मी म्हणालो, "मित्र." लिहिणाऱ्या बाईंचा हात थांबला. "घरचं कुणी नाही का बरोबर?"

घरचे चार तासांच्या अंतरावर होते. ते चार तास मी बाहेरच्या बाकावर काढले. त्याचं हेल्मेट माझ्या मांडीवर होतं, हातमोजे माझ्या खिशात होते. त्याचा रक्तगट मला पाठ होता. कुठल्या औषधाने त्याच्या अंगावर पुरळ येतं आणि खांद्यावर कधी शस्त्रक्रिया झाली होती, हे मी सांगितलं आणि त्यांनी ते नीट लिहूनही घेतलं. माझ्याकडून माहिती घेता येत होती. मला मात्र कुणी माहिती देऊ शकत नव्हतं. तो गेल्याचंसुद्धा मला त्याच्या भावाकडून कळलं. मी त्या दारापासून दहा पावलांवर होतो आणि भाऊ अजून वाटेत, गाडीत होता. रुग्णालयातून त्याला फोन गेला, मग त्याने मला केला.

चार दिवसांनी ऑफिसच्या रजेचा अर्ज भरायला बसलो. 'मयताशी नाते' असा रकाना होता आणि खाली निवडायला पर्याय: पती किंवा पत्नी, आई, वडील, अपत्य, भाऊ, बहीण, सासू, सासरे. मी ती यादी दोनदा खालीवर केली. 'इतर' असाही पर्याय नव्हता. शेवटी आजारपणाची दोन दिवसांची रजा टाकली आणि कारण लिहिलं, ताप. वीस वर्षांपासूनचा मित्र गेल्यावर मला पहिलं काम करावं लागलं ते खोटं लिहिण्याचं.

मला त्या बाईंवर राग धरायचा नाही, आणि ज्याने तो अर्ज बनवला त्याच्यावरही नाही. दोघांनी समोरच्या नियमाप्रमाणे काम केलं. राग आहे तो त्या नियमावर. मृत्यू झाला की दुःख कुणाचं धरायचं हे आपले कायदे, आपली कार्यालयं, आपली रुग्णालयं अजूनही फक्त रक्त आणि लग्न बघून ठरवतात. मित्राला त्यात जागा नाही. ही जागा त्याला मिळाली पाहिजे, लेखी मिळाली पाहिजे, कुणाच्या मर्जीवर सोडता कामा नये, एवढं मला सांगायचंय.

या अनुभवाला नाव मिळूनही आता बरीच वर्षं झाली. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली अशा दुःखावर एक पुस्तक संपादित केलं, ज्या दुःखाला समाज अधिकारच देत नाही. माणसाला दुःख झालेलं असतं, पण ते उघडपणे करायला, त्यासाठी चार दिवस बाजूला व्हायला, चार लोकांनी येऊन जवळ बसायला त्याला हक्क नसतो. नातं लोकांनी मान्य केलेलं नसतं म्हणून. पुढे डोकाने यात आणखी एक गोष्ट धरली: मृत्यू ज्या प्रकारे झाला त्याचीच लोकांना अढी असली, तर मागे राहिलेल्याचं दुःखही दबतं. डर्ट बाइकवर गेलेल्या मित्राच्या बाबतीत ही दोन्ही कुलपं एकाच दाराला लागतात. पण दुसऱ्या कुलपाकडे नंतर येतो.

मित्र गेल्याचं दुःख हे नातेवाईक गेल्यापेक्षा हलकं असतं, दोन आठवड्यांत माणूस सावरतो, ही समजूत मोजून तपासली गेलेली आहे. ऑस्ट्रेलियात हजारो घरांची वर्षानुवर्षं पाहणी चालते. त्यातल्या २६,५१५ लोकांची माहिती घेऊन तिघा संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. यातल्या ९,५८६ लोकांनी किमान एक जवळचा मित्र किंवा मैत्रीण गमावली होती. त्यांच्या शारीरिक आणि मानसिक प्रकृतीवर, लोकांत मिसळण्यावर झालेला परिणाम चार वर्षांपर्यंत दिसत होता. चार वर्षं! आणि आमच्या ऑफिसच्या त्या यादीत चार तासांचीही सोय नव्हती.

याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. दुःख फार काळ रेंगाळलं आणि त्याने माणसाचं जगणंच ठप्प झालं, तर त्याला आता वैद्यकशास्त्रात आजार मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तीत हे निदान आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्याच वर्षी ते आपल्या नियमावलीत घेतलं. किती महिन्यांनंतर हे निदान करायचं यावर दोघांचं एकमत नाही. पहिली यादी किमान सहा महिने म्हणते, दुसरी प्रौढांसाठी बारा. पण गेलेला माणूस कोण असावा, यावर दोघींची भाषा जवळपास सारखी आहे. पहिलीत जोडीदार, आईवडील, अपत्य किंवा जवळची इतर व्यक्ती, असं म्हटलंय. दुसरीत तर सरळ 'जवळची व्यक्ती' एवढंच. डॉक्टर रक्ताचं नातं विचारत नाहीत. ते विचारतात, जवळीक किती होती. म्हणजे मित्राच्या जाण्याने मी आजारी पडू शकतो हे मान्य आहे, फक्त आजारी पडायच्या आधी मला दोन दिवस रडायला मिळावेत हे मान्य नाही.

रजेच्या कायद्यांचं जगभर साधारण असंच आहे. अमेरिकेत केंद्रीय पातळीवर खाजगी नोकरदारांसाठी मृत्यूनिमित्त रजेचा कायदाच नाही. तिथल्या कॅलिफोर्निया राज्याने जानेवारी २०२३ पासून पाच दिवसांची रजा दिली. त्या यादीत जोडीदार आहे, आईवडील, मुलं, भावंडं, आजीआजोबा, नातवंडं, सासूसासरे आहेत, लग्न न करता नोंदणी करून एकत्र राहणारा साथीदारही आहे. मित्र नाही. यादी मोठी होत गेली, प्रत्येक वेळी कुणीतरी भांडलं म्हणून झाली असणार, पण घराच्या उंबऱ्याबाहेर ती पडलेली नाही.

न्यूझीलंडने मात्र हे २००३ सालीच करून दाखवलं. तिथल्या सुट्ट्यांच्या कायद्यात जवळच्या नातेवाइकासाठी तीन दिवसांची पगारी रजा आहे. आणि त्यापुढे लिहिलंय की यादीबाहेरच्या कुणाचाही मृत्यू झाला आणि कर्मचाऱ्यावर खरोखर आघात झालाय हे मालकाला पटलं, तर एक दिवस द्यायचा. ते कसं ठरवायचं हेही कायदाच सांगतो. त्या दोघांचा संबंध किती जवळचा होता, अंत्यविधीची जबाबदारी या माणसावर किती आहे, त्याच्या समाजाच्या रीतीप्रमाणे त्याला काय काय करणं भाग आहे, हे बघायचं. एक दिवस काही फार नाही. पण त्या एका दिवसात मोठी गोष्ट आहे: तिथला माणूस अर्जावर खरं कारण लिहू शकतो.

यावर ऐकायला मिळणारा आक्षेप मला ठाऊक आहे. माझ्याच साहेबांनी तो मांडला होता, आणि ते दुष्ट गृहस्थ नाहीत. ते म्हणाले, "अरे, आई एकच असते. मित्र कुणाला पन्नास असतात. उद्या प्रत्येक जण म्हणेल माझा मित्र गेला. मी कुणाकुणाची शहानिशा करू?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. नात्याला दाखला असतो, मैत्रीला नसतो, हे खरंच आहे. पण दाखला कशाचा असतो तेही बघितलं पाहिजे. ज्या काकांशी माणूस पंधरा वर्षं बोललेला नाही त्यांचंही नातं दाखल्यावर सिद्ध होतं. तिथे आपण जवळीक तपासत नाही, कारण यादी आपल्याला ते कष्ट करूच देत नाही. यादी सोयीची असते, खरी असतेच असं नाही. आणि पन्नास मित्रांची भीती घालवायची तर फार सोपी वाट आहे. नोकरीला लागताना माणूस भविष्यनिर्वाह निधीसाठी, विम्यासाठी वारसाचं नाव लिहून देतोच. त्याच कागदावर दोन नावं आणखी लिहू द्या: माझ्या नात्यातली नसलेली, पण ज्यांच्या मृत्यूला मी रजा घेईन अशी दोन माणसं. वर्षातून एकदा बदलता येतील. दोनच नावं म्हटल्यावर कुणी पन्नास मित्रांची यादी आणणार नाही. आणि ही दोन नावं कुणाची, हे ठरवायला बसल्यावर माणूस किती वेळ पेन हातात धरून बसतो, ते बघावं. मी ते मनातल्या मनात करून पाहिलं. माझं एक नाव आता लिहून उपयोग नाही.

रुग्णालयाचंही तसंच. आपल्या प्रकृतीची माहिती कुणाला द्यायची, हे माणसाने शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं आणि ते रुग्णालयाने मानायचं, अशी व्यवस्था काही देशांत आहे. घरच्यांचा हक्क त्याने कमी होत नाही. घरचे येईपर्यंतचे चार तास कुणीतरी माणूस त्या माणसाचा असतो, एवढंच होतं.

आता दुसऱ्या कुलपाकडे येतो.

मला भेटायला आलेल्या जवळपास प्रत्येकाने, कुणी पहिल्या पाच मिनिटांत, कुणी निघताना चपला घालता घालता, एक वाक्य म्हटलं. शब्द वेगळे असतील. "पण कशाला जायचं असल्या नादाला?" "वय होतं का आता हे करायचं?" "आईवडिलांचा तरी विचार करायचा." एकाने तर माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "शेवटी हौसेपायी गेला बघ." त्याला वाटत होतं तो माझं सांत्वन करतोय.

माणसं असं का बोलतात याचा विचार करायला मला पुढे खूप वेळ मिळाला. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात काही प्रयोग केले. समोर एका निरपराध बाईला विजेचे झटके बसताना दिसत आहेत (प्रत्यक्षात ते नाटक होतं) आणि ते आपण थांबवू शकत नाही, अशा वेळी बघणारी माणसं हळूहळू त्या बाईलाच नावं ठेवू लागली. लर्नरने यावरून मांडलं की जग न्यायी आहे, जो तो आपल्या कर्माचं फळ भोगतो, या विश्वासावाचून माणसाला रोजचं जगणं जड जातं. तो विश्वास वाचवण्यासाठी मग दोष ज्याच्यावर संकट आलं त्याच्याच माथी जातो. हौसेपायी गेला असं म्हटलं की बोलणाऱ्याला घरी जाऊन शांत झोप लागते. त्याला असली हौस नाही, म्हणजे तो सुरक्षित आहे.

आणि हे खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यांवर मेली. त्यात कामाला, शाळेला, बाजाराला निघालेली साधी माणसं होती. त्यांच्या घरी जाऊन कुणी विचारत नाही की कशाला जायचं होतं कामाला. धोका पत्करणं हा तिथे गुन्हा नसतो, कारण तो धोका आपण सगळेच पत्करतो. त्याने पत्करलेला धोका वेगळा होता आणि जास्त होता, हे मी नाकारत नाही. शंभरेक किलोची गाडी, चाकांना जवळजवळ फूटभर खाली-वर होऊ देणारं सस्पेन्शन, खाली सुटे दगड, चर, मुळं. पण तो बेफिकीर नव्हता. चेन, ब्रेक, चाकांच्या आऱ्या तपासल्याशिवाय त्याने कधी गाडी सुरू केली नाही. हेल्मेट, मानेचा पट्टा, छातीचं कवच, गुडघ्यांचे ब्रेस, पोटरीपर्यंतचे बूट, हे सगळं त्याच्या अंगावर होतं. दुचाकीवर हेल्मेट घातल्याने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये काढलेला निष्कर्ष सांगतो. कमी होतो. उरतोही. जे उरतं त्यात कधीतरी एखादा माणूस सापडतो, आणि तो काहीच न चुकताही सापडू शकतो.

लोकांच्या त्या एका वाक्याचा सगळ्यात वाईट परिणाम मागे राहिलेल्या सोबत्यावर होतो. कारण ती हौस त्याचीही असते. तो नाद होता म्हटलं की मी त्या नादातला भागीदार ठरतो. मग मी रडायचं कुणासमोर? ज्यांना दुःख सांगायचं त्यांच्यासमोर आधी मला आरोपी म्हणून उभं राहावं लागतं. मी पहिले तीन महिने कुणाशी बोललोच नाही. त्याबद्दल मनात जे होतं ते आतच राहिलं आणि नासत गेलं. ते अर्धं मिनिट मी एकट्याने हजार वेळा मोजलं. पुढे एका समुपदेशक बाईंनी मला शांतपणे विचारलं, "त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही धावत गेला असतात तर काय बदललं असतं?" डॉक्टरांनी भावाला जे सांगितलं होतं त्यावरून मला उत्तर ठाऊक होतं. काही बदललं नसतं. पण हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यात कुणी विचारू शकलं असतं. त्यासाठी माझ्याशी कुणी आधी दुःखात असलेला माणूस म्हणून बोलायला हवं होतं.

मग धोक्याबद्दल बोलायचंच नाही का? बोलायचं, नक्की बोलायचं. मी स्वतः आता बोलतो. दोघांनीच दूरच्या ट्रेलवर जाऊ नये, तिघं तरी असावेत, म्हणजे एक जखमीपाशी थांबतो आणि एक मदतीला जातो. फोनची रेंज नसेल तिथे उपग्रहावरून संदेश धाडणारं यंत्र बरोबर हवं. ट्रॅकवर उडीच्या पलीकडे झेंडेवाला उभा नसेल तर त्या ट्रॅकवर उतरू नये, कारण पडलेला माणूस उडी घेणाऱ्याला दिसत नाही आणि मागची गाडी सरळ त्याच्या अंगावर येते. हे सगळं मी नव्या पोरांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. पण हे बोलणं सांत्वनाला आलेल्या घरात होत नाही. चौकशी आणि दोष देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकशी पुढच्या माणसाला वाचवायला होते. दोष गेलेल्याला चिकटवला जातो आणि तिथेच संपतो, त्याने एकही झेंडेवाला वाढत नाही.

हे दोन्ही वेगळं ठेवता येतं, आणि ज्या खेळाला लोक बेजबाबदार म्हणतात त्याच खेळाने ते करून दाखवलंय. १२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरेबियात डकार रॅलीचा, म्हणजे वाळवंटातून अनेक दिवस चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीचा, सातवा टप्पा चालू होता. पाउलो गोन्साल्व्हिस हा चाळीस वर्षांचा पोर्तुगीज रायडर २७६व्या किलोमीटरला पडला. त्या वर्षी तो हिरो या भारतीय कंपनीच्या संघातून उतरला होता. त्याच्यापाशी पहिला पोचला तो ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस, आदल्या वर्षीचा विजेता आणि दुसऱ्या संघाचा माणूस. प्राइसने शर्यत बाजूला ठेवून गाडी थांबवली, मदत मागवली आणि गोन्साल्व्हिसला हेलिकॉप्टरमधून नेईपर्यंत तो तिथून हलला नाही. गोन्साल्व्हिस वाचला नाही. दुसऱ्या दिवशी आयोजकांनी मोटरसायकल आणि क्वाडचा (चार चाकांच्या मोटरसायकलचा) टप्पा रद्द केला, रायडरांना शोक करता यावा म्हणून. हिरोच्या संघाने ती रॅली तिथेच सोडली.

चार वर्षं आधी, २०१६ च्या रॅलीत, हाच गोन्साल्व्हिस स्वतः जिंकण्याच्या शर्यतीत असताना असाच थांबला होता. ऑस्ट्रियाचा मथियास वाल्कनर पाय मोडून पडला होता. मदत येईपर्यंत गोन्साल्व्हिस त्याच्यापाशी बसून राहिला. थांबण्यात गेलेला त्याचा वेळ नंतर त्याच्या खात्यावर परत जमा झाला, कारण रॅलीचा नियमच तसा आहे. जखमी स्पर्धकापाशी थांबलास तर तो वेळ तुझा गेला असं धरत नाहीत.

मी हा नियम कितीदा वाचला असेन. मिनिटांवर जिंकण्या-हरण्याचा हिशेब चालतो अशा जागीसुद्धा कुणीतरी विचार केलाय की माणूस माणसापाशी थांबेल, थांबलाच पाहिजे, आणि त्याची किंमत त्याच्याकडून वसूल करायची नाही. तिथे कुणी प्राइसला नातं विचारलं नाही. रुग्णालय, कार्यालय, कायदा यांच्याकडे मी याहून जास्त काही मागत नाही.

आणि त्या खेळाने डोळेही मिटून घेतले नाहीत. २०२० च्याच रॅलीत झालेल्या दुसऱ्या एका अपघातानंतर एड्विन स्ट्राव्हर हा डच रायडरही काही दिवसांनी गेला. पुढच्या, २०२१ च्या रॅलीपासून मोटरसायकलवाल्यांना एअरबॅगचं जॅकेट सक्तीचं झालं. आधी थांबले, मग शोधलं, मग बदललं. कुणी गोन्साल्व्हिसला हौसेपायी गेला म्हटल्याने ते जॅकेट आलं नाही.

राहिला प्रश्न घरच्यांचा. मित्राला जागा दिली की घरच्यांची जागा कमी होईल, अशी एक भीती असते. मलाही ती होती. अंत्यविधीच्या वेळी मी मागे, भिंतीला टेकून उभा होतो. त्याच्या आईच्या दुःखापुढे माझ्या दुःखाने तोंड वर करणंच मला शोभत नव्हतं. पुढे काही महिने मी त्यांच्या घरी गेलो नाही. त्यांना माझं तोंड बघवणार नाही असं मी धरून चाललो होतो. त्याला नादाला लावणारा मी, असं त्यांना वाटत असेल. खरं तर त्याने मला लावलं होतं, पण हे आईला सांगायला जायचं कोणत्या तोंडाने?

सहा महिन्यांनी काकूंचाच फोन आला. "तू येत का नाहीस रे?" एवढंच म्हणाल्या. मी गेलो. त्याचे हातमोजे तोवर माझ्याकडेच होते, ते मी धुतले नव्हते. डाव्या मोज्याची तर्जनी आणि मधलं बोट झिजून पातळ झालं होतं, कारण तो क्लच कायम दोनच बोटांनी धरायचा. काकूंनी ते बोट आपल्या बोटांत धरून उलटसुलट करून पाहिलं. हे असं का झालंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. दोन बोटं क्लचवर, बाकीची दोन हॅन्डलवर, म्हणजे पकड सुटत नाही.

मग त्या म्हणाल्या की त्यांनी त्याला ती गाडी चालवताना कधी बघितलंच नव्हतं. भीती वाटायची म्हणून. तो बोलवायचा, त्या जायच्या नाहीत. त्याने दाखवलेले व्हिडिओसुद्धा त्या अर्धवट बघून फोन परत द्यायच्या. वीस वर्षं दर रविवारी तो कुठे जायचा, तिथे कसा असायचा, कुणाशी कसं बोलायचा, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. आणि ते सगळं माझ्याकडे होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि त्यांच्या मुलाचं अर्धं आयुष्य माझ्या खिशात होतं.

"तो चालवायचा कसा, ते सांग मला," काकू म्हणाल्या. "अगदी सुरुवातीपासून सांग."

मी त्यांना उभं राहून दाखवलं. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं कसं राहायचं, गुडघ्यांनी टाकी कशी आवळायची, कोपरं बाहेर का ठेवायची. तो एरवी खांदे पाडून चालायचा, पण गाडीवर ताठ दिसायचा, हे सांगितलं. दगडाकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ, असं तो नवख्या पोरांना ओरडून सांगायचा ते त्याच्याच आवाजात करून दाखवलं, तेव्हा त्या हसल्या. वळणावर थांबायचा नियम सांगितला. शेवटी कोण असतो, त्याला काय म्हणतात, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. बरोबर इतर कुणी असलं की तो मुद्दाम शेवटी राहायचा, हे कळल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

बाहेर अंधार पडला तरी मी अजून त्याने मला पहिल्यांदा नेलं त्या वर्षापर्यंतच पोचलो होतो. काकूंनी उठून दिवा लावला, हातमोजे माझ्या हातात परत दिले आणि म्हणाल्या, "उरलेलं रविवारी सांग. हे घेऊन ये."